झुंबरबाईंची पावसाची साक्ष

माझ्या सासूबाई, झुंबरबाई, साक्ष द्यायला उभ्या राहिल्या की आधी डोक्यावरचा पदर नीट करत, समोरच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरत आणि वर पंख्याकडे बघत सुरुवात करत, "मंडळी, ही गोष्ट दुष्काळातली हाये."

लग्न होऊन घरात आले तेव्हापासून मी ती गोष्ट ऐकत होते. नेवाशाकडच्या आमच्या गावी चर्चमध्ये ऐकली, कुणाच्या घरभरणीच्या प्रार्थनेत ऐकली, कुणाच्या नातवाच्या बाप्तिस्म्याला ऐकली. त्या कुठे थांबणार, कुठे आवाज उतरवणार आणि कुठल्या वाक्याला बायका डोळ्याला पदर लावणार, हे मला पाठ झालं होतं. तरी कंटाळा यायचा नाही. काही माणसांच्या हातचं पिठलं रोज खाल्लं तरी चालतं, तसं ते होतं.

गोष्ट थोडक्यात अशी. दोन वर्षं पाऊस नव्हता. आत्याबाई (मी सासूबाईंना आत्याबाई म्हणते) तेव्हा घरातल्या नव्या सून. कणगीत फक्त पेरणीसाठी राखलेली ज्वारी उरली होती. घरातली लेकरं भुकेनं किरकिरायला लागली तेव्हा त्यांच्या सासूनं सांगितलं, "दळ ते बियाणं. पेरायला पाऊस कुठं हाये?" आत्याबाई जात्यापाशी बसल्या, खुंट्याला हात घातला आणि हात पुढे जाईना. बियाणं दळलं की पुढचं वर्षच दळलं. त्यांनी डोळे मिटून एवढंच मागितलं, "प्रभू, एक सांज थांबव." आणि त्याच सांजेला हस्ताचा पाऊस आला. नगरकडे हस्त नक्षत्रातला हा पाऊस, म्हणजे सप्टेंबर संपताना आणि ऑक्टोबर लागताना पडणारा, रब्बीच्या ज्वारीचा मायबाप. तो आला तर पेरणी, नाही तर रान पडीक. ज्वारी पुन्हा कणगीत भरली आणि वाफसा आल्यावर तात्यांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, पेरणीची पाभर जुंपली.

"तो पाऊस माझ्या देवानं माझ्यासाठी धाडला," आत्याबाई शेवटी म्हणत. "ही माझी साक्ष."

त्यांचा देव असा हवापाण्यातून बोलणारा. वचनं त्यांना पुष्कळ पाठ, पण चर्चचं वर्ष त्या शेतावर मोजत. नाताळ म्हणजे हुरड्याचे दिवस. उपवासकाळ म्हणजे ज्वारीची काढणी आणि धाटांनी कापलेले हात. पुनरुत्थानाचा रविवार म्हणजे निंबाची कोवळी पालवी. "वाळल्यालं झाड दरसाल उठतंय," त्या म्हणत, "मग प्रभू उठला त्यात इश्वास ठेवायला जड काय?"

तात्या गेल्यावर मनीषनं, माझ्या नवऱ्यानं, त्यांना आमच्याकडे बोईसरला आणलं. मनीष तारापूरच्या एका कारखान्यात शिफ्टवर असतो. आमचं घर दुसऱ्या मजल्यावर, खाली किराणा, समोर रिक्षा स्टँड. इथला पहिला पावसाळा आत्याबाईंनी खिडकीत बसून काढला. जूनमध्ये रोज उपकार मानले. जुलैत उपकार जरा आखडले. ऑगस्टमध्ये त्यांच्या पवित्र शास्त्राच्या, म्हणजे बायबलच्या, कातडी वेष्टनावर हिरवी बुरशी धरली, तेव्हा ती पदरानं पुसत त्या मला म्हणाल्या, "अर्चना, वरचा नळ बंद करायचं कुणी इसरलं का गं?"

बोईसरची आमची मंडळी, म्हणजे चर्च, लहान आहे. दुकानांच्या माडीवर भाड्याचा हॉल, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक ढोलकी. निम्मी माणसं आमच्यासारखी, नगर-जालन्याकडून नोकरीसाठी आलेली. काही हिंदी बोलणारे कामगार. आणि पाम गावाकडची दोन-तीन भातशेतीवाली घरं. त्यातल्या मैनाबाईंशी आमचं पहिल्यापासून जमलं. त्यांचं माहेर मनोरच्या पलीकडे डोंगरात, तिथे त्यांच्या आज्यापासून घरात प्रार्थना. त्यांचा नवरा सुका मात्र प्रार्थनेला आत बसत नाही. दारात बसून बिडी ओढत सगळं ऐकतो. कुणी आत बोलावलं तर म्हणतो, "चपला राखाया कोन नको काय?"

आत्याबाईंनी इथे पहिल्यांदा साक्ष दिली तेव्हा सगळ्यांना आवडली. हिंदीवाले भाऊ "अम्माजी, अम्माजी" करत हात मिळवायला आले. मैनाबाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि खरंखुरं नवल करत विचारलं, "येकाच पावसात पिकला? आमच्याकडं येका पावसात बेडूक पन भिजत नाय."

आत्याबाईही हसल्या. तेव्हा त्यात काही टोचण्यासारखं नव्हतं.

चार वर्षं अशी सुरळीत गेली. गेल्या ऑक्टोबरात मात्र ते झालं.

दर गुरुवारी आमची कुणाच्या तरी घरी प्रार्थना असते. त्या गुरुवारी पामला मैनाबाईंकडे होती. त्यांनी आदल्या दोन दिवसांत भात कापलं होतं. कापलेलं भात लगेच बांधत नाहीत, शेतातच आडवं पसरून एक-दोन उन्हं देतात. ते तसं पसरलेलं असतानाच दुपारी आभाळ भरून आलं, आणि आम्ही पोचेपर्यंत धो धो सुरू झालं. परतीचा पाऊस. मैनाबाई आणि सुका भिजत जाऊन जमतील तेवढे भारे पडवीत आणून टाकत होते. पण शेत मोठं आणि हात चार. शेवटी दोघं निथळत घरात आली. मैनाबाईंनी लुगडं बदललं, चटई टाकली आणि आम्हाला बसा म्हणाल्या.

एक गाणं झालं. मंडळीच्या पाळकसाहेबांनी बायबलमधलं वचन वाचलं, थोडं बोलले. मग म्हणाले, "आधी आपल्या वडीलधाऱ्या झुंबरआजी उपकारस्तुती करतील. मग आपण मैनाबाईंच्या भातासाठी मागू."

आत्याबाईंनी डोळे मिटले. वर सिमेंटच्या पत्र्यावर पाऊस वाजत होता. त्यांचं नेहमीचं सुरू झालं, दिवसाबद्दल, श्वासाबद्दल, लेकराबाळांबद्दल. आणि मग मी ऐकलं, "...आन प्रभू, हा तुझा हस्ताचा पाऊस तू येळेवर धाडलास. भुईचं पोट भरलंस. तुझे लई उपकार. असाच आठ दिवस लागून राहू दे बापा."

"आमेन," आम्ही सगळे म्हणालो.

मीसुद्धा म्हणाले. प्रार्थनेचा सूर खाली आला की तोंड आपोआप म्हणतं, कान मागून पोचतात. सगळ्यांचे कान साधारण एकाच वेळी पोचले असावेत, कारण कुणीच डोळे उघडेना.

दारातून सुकाचा आवाज आला. "कोन हाय तो आठ दिवस मागनारा? अरं माझा भात आडवा हाय शेतात! थोडा हळू मागा!"

आत्याबाईंनी डोळे उघडले. पडवीतल्या ओल्या भाऱ्यांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर काय झालं ते मला सांगता येणार नाही. पन्नास वर्षं ज्या दिवसांत त्या याच पावसाचे उपकार मानत आल्या, ते दिवस इथे भात आडवं असण्याचे आहेत, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. नक्षत्र तेच, पाऊस तोच, खालचं पीक वेगळं.

पाळकसाहेबांनी घाईघाईनं पाऊस थांबण्यासाठी प्रार्थना केली. देवाला एकाच बैठकीत दोन अर्ज गेले.

मैनाबाई रागावल्या नाहीत. गवती चहा घातलेला कोरा चहा त्यांनी सगळ्यांना दिला. आत्याबाईंच्या हातात कप देताना म्हणाल्या, "मी पन आमेन म्हटला आजी. तोंडातून गेला." आणि मग तिथेच उकिडव्या बसून, भांडायला नाही, खरोखर कळावं म्हणून त्यांनी विचारलं, "तुमचा देव न आमचा देव येकच ना? मग तुमाला त्यानं पाऊस दिला, तर आमाला काय केला ह्यो?"

आत्याबाईंच्या हातातला चहा निवून गेला.

पाऊस पुढे आठवडाभर हटला नाही. शेतातल्या भाताला आडव्या लोंब्यांतच हिरवे मोड आले. रविवारी हॉलच्या जिन्यात एक हिंदीवाले भाऊ थट्टेनं म्हणाले, "अम्माजी, आपकी दुआ में बड़ी ताकत है, अब बंद भी करवाइए." सगळे हसले. ते भाऊ चांगले आहेत, त्यांच्या मनात काही नव्हतं. पण त्या दिवशी पाळकसाहेबांनी "कुणाची साक्ष?" विचारलं तेव्हा आत्याबाई खाली बघत राहिल्या. पुढच्या रविवारीही तेच. पाळकसाहेबांनी नाव घेऊन विचारलं, तर "घसा बसलाय" म्हणाल्या.

घरी आल्यावर मनीष म्हणाला, "आई, मालिका बघताना तर घसा मोकळा असतो तुझा."

"तू तुझी शिफ्ट बघ," त्या म्हणाल्या.

दोन दिवसांनी आम्ही दोघी स्वयंपाकघरात मेथी निवडत होतो. बराच वेळ त्या काड्याच निवडत होत्या आणि पानं टाकत होत्या. मी जुडी हळूच माझ्याकडे ओढली. तेव्हा त्या म्हणाल्या, "अर्चना, तू शिकल्याली हायेस. एक सांग. तो पाऊस माझ्यासाठी पडला, आसं मी जलमभर सांगितलं. मग हा कुणासाठी पडला?"

मी म्हणाले, "आत्याबाई, ते दोन वेगळे पाऊस. काळ वेगळा, मुलूख वेगळा."

"पाऊस दोन. देव किती?"

मी पुढची जुडी सोडायला घेतली.

"मैनाबाईवर तर तो रागावल्याला न्हाई. तिच्यापरीस जास्त प्रार्थना मी बी करत न्हाई. मग हा नुसताच पाऊस असंल, ढग आले आन पडला, तर माझा तो बी नुसताच पाऊस व्हता का? आन तसं असंल तर मी पन्नास वर्सं उभी राहून काय सांगितलं लोकांला?"

त्यांनी हे रडत नाही विचारलं. काड्या मोडत विचारलं. पण मला भीती वाटली. तात्या गेले तेव्हाही ही बाई डगमगली नव्हती, कारण पायाखाली तो पाऊस होता. आता तोच सरकला होता.

त्या आठवड्यात त्या मला म्हणाल्या, "मला पामला घेऊन चल."

आम्ही रिक्षानं गेलो. ऊन पडलं होतं. मैनाबाईंच्या घरापुढचा डांबरी रस्ता अर्धा भातानं झाकलेला, गाड्या कडेकडेनं जात होत्या. सुका पायानं भात परतत होता. आत्याबाईंना बघून म्हणाला, "आजी, आज काय मागाया तर नाय ना आली?"

"न्हाई बाबा. तोंड घरी ठिवून आले."

सुका मोठ्यांदा हसला आणि त्यांना बसायला बाज ओढून दिली. त्या बाजेवर बसल्या नाहीत. मैनाबाई भारे सोडून मोड आलेल्या लोंब्या वेगळ्या काढत होत्या, त्यांच्या शेजारी जाऊन बसल्या आणि हात लावला. माझ्या अंगावर नेहमीची सुती साडी होती, मीही बसले. चांगलं भात एका बाजूला, कोंबड्यांना घालायचं दुसऱ्या बाजूला. दुसरी बाजू भराभर वाढत होती. त्या दिवशी देवाचा विषय कुणीच काढला नाही. भाकरीचा निघाला. तांदळाच्या भाकरीचं पीठ उकडून घ्यायचं असतं, हे आत्याबाईंना चार वर्षं राहूनही पटलेलं नव्हतं.

"उकाडल्याल्या पिठाची भाकर म्हंजी दात नसल्याल्या माणसाची," त्या म्हणाल्या.

"न तुमची ज्वारीची म्हंजे ढोराची," मैनाबाई म्हणाल्या. "मी खाल्ली ना तुमच्या घरी. दुसऱ्या दिसापर्यंत चावत होती."

पाळकसाहेब संध्याकाळी येऊन गेले. भात पाहून हळहळले आणि म्हणाले, "मैनाबाई, तुमच्याकडे ठरलेली या गुरुवारची प्रार्थना दुसरीकडे ठेवू. तुम्हाला आधीच एवढा व्याप."

"कशाला?" मैनाबाई म्हणाल्या. "भात गेला. घर कुठं गेला?"

गुरुवारी आम्ही गेलो तेव्हा जमीन ताजी सारवलेली होती आणि चटई टाकलेली होती. आत्याबाई चटईच्या कडेला बसल्या. कुणी गात असताना त्या गाणाऱ्याकडे न बघता त्या सारवलेल्या जमिनीकडे बघत होत्या.

नंतर दर आठवड्याला पामला जाणं हा नेम झाला. कधी मी बरोबर, कधी त्या एकट्याच रिक्षावाल्याला "पाम, शाळंपासून पुढं" सांगून निघायच्या. नोव्हेंबरात भात झोडून झालं तेव्हा वर्षाचं धान्य निम्म्यानंही भरत नव्हतं, हे बघणाऱ्याला कळत होतं. मैनाबाईंनी शिरगावकडे एका वाडीत भाजी खुडायचं काम धरलं. सकाळी जायच्या, दुपारी यायच्या, आणि आल्यावर स्वतःच्या शेतात. भात निघालेल्या त्या शेतात आता वाल टाकायचे होते.

मैनाबाई भाताच्या बुडख्यांमधून वाकून चालत आणि वालाचे दाणे टाकत जात. आत्याबाई बांधावर उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "पाणी कुठून देणार?"

"देत नाय."

"दवाळीनंतर पाऊस?"

"नाय. भुईत हाय ना."

आत्याबाई खाली बसल्या. वरची माती बाजूला करून त्यांनी खालची मूठभर उचलली आणि दाबली. मुठीत लाडू झाला. ज्वारीच्या रानात त्यांनी आयुष्यभर हेच केलेलं. हस्ताचा पाऊस वरून एकदाच पडतो, मग सगळी थंडी ज्वारी खालच्या ओलीवर काढते. त्या मातीचा लाडू त्यांनी बराच वेळ हातात धरला होता.

"ओल हाये," त्या म्हणाल्या.

"तर! तुमीच मागितली ना आठ दिवस," मैनाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच हसायला लागल्या. आत्याबाईंनी त्यांना मातीचा खडा मारला. महिन्याभरात पहिल्यांदा मी त्यांना हसताना बघितलं.

घरी येताना रिक्षात मला वाटलं, आता मिळालं यांना उत्तर. ज्या पावसानं भात नेलं त्यानंच वालाची ओल ठेवली, झालं, हिशेब जुळला. मी तसं म्हटलंही. आत्याबाई बाहेर बघत म्हणाल्या, "तू मैनाबाईला सांगशील का हे? तिच्या तोंडावर?"

मी सांगू शकले नसते. आणि एकदा आत्याबाईंनीच विचारून बघितलं, "वाल चांगले आले तर भागंल ना गं यंदा?" तेव्हा मैनाबाई शांतपणे म्हणाल्या, "वालानं भात होत नाय आजी. वाल तो वाल."

तर उत्तर काही मिळालं नाही. फक्त दिवस बदलत गेले. वालाला दोन पानं आली, मग वेल पसरले, मग जांभळट फुलं. नाताळात पामच्या घरावर निळ्या कागदाची चांदणी लागली, सुकानंच बांबूवर चढून लावली, "चपला राखनाऱ्याला उजेड पायजे" म्हणत. जानेवारीत सकाळी दव इतकं पडायचं की बांधावरून चालताना साडी गुडघ्यापर्यंत भिजायची. आत्याबाई ते दव बोटानं पानावरून ओढून बघायच्या. हुरड्याशिवायचा नाताळ त्यांना गेली चार वर्षं अळणी लागत होता. या वर्षी मैनाबाईंनी मडक्यात वालाच्या शेंगा, कोनफळ आणि रताळी घालून, मडकं उपडं करून भोवती जाळ केला. आत्याबाईंनी त्या शेंगा बोटं भाजत खाल्ल्या आणि मनीषला सांगितलं, "पुढच्या नाताळाला हुरड्यासाठी गावाकडं फोन करू नको. हितं भागतंय."

पण रविवारी त्या उभ्या राहत नव्हत्या. साक्षीची वेळ आली की त्यांच्या हाताची बोटं खुर्चीच्या पाठीकडे जायची आणि परत मांडीवर यायची.

फेब्रुवारीत आमच्या मंडळीचा उपकारस्तुतीचा रविवार असतो. ज्यानं जे पिकवलं त्यातलं पहिलं त्यानं आणायचं, आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव. आमच्यासारखे फ्लॅटवाले काय पिकवणार? कुणी गच्चीवरच्या कुंडीतली तीन वांगी आणतं, कुणी घरचं लोणचं, कुणी कारखान्याकडून दिवाळीत मिळालेला स्टीलचा डबा तसाच खोक्यासकट. एक कोंबडा दरवर्षी लिलावात सुटून ढोलकीच्या मागे लपतो. यंदा तर लिलावाआधीच लपला. मैनाबाईंनी वालाच्या शेंगांचं गाठोडं आणलं होतं. ते डोक्यावरून वाहून आणणारा सुका नेहमीप्रमाणे दारात बसला.

लिलावाआधी पाळकसाहेबांनी विचारलं, "कुणाला साक्ष द्यायची आहे?" आत्याबाईंकडे त्यांनी मुद्दाम बघितलं नाही. विचारून विचारून तेही थकले होते.

आत्याबाई उभ्या राहिल्या.

मनीषनं माझ्याकडे बघितलं. त्याला वाटलं दुष्काळाची गोष्ट येणार, आणि ती मैनाबाईंसमोर. या वेळी त्यांनी पंख्याकडे बघितलं नाही.

"मंडळी, तुमाला वाटत आसंल म्हातारी आता जात्याची गोष्ट सांगती. न्हाई सांगत. दवाळीच्या आधी मी मैनाबाईच्या घरी बसून तिचं भात बुडायची प्रार्थना केली. तुमी आमेन म्हणलात. तुमचा बी दोष न्हाई, सवय हाये."

लोक हसले. त्या थांबल्या, हसणं संपू दिलं.

"तिनं मला इचारलं, देवानं तुमाला पाऊस दिला, तर आमाला ह्यो काय केला? मी लई दिस उत्तर हुडकलं. घावलं न्हाई. पाळकसाहेब, तुमाला घावलं तर मला सांगा. पन साक्ष म्हंजी काय? उत्तर द्यायचं न्हाई. पायलेलं सांगायचं. मी काय पायलं ते सांगते. माझं बियाणं वाचलं, मी उपकार मानले. त्यात काय लई मोठं न्हाई, पदरात पडल्यावर कुणीबी मानंल. हिचं भात चिखलात गेलं. आन पंधरा दिसांत हिनं घर सारवून चटई टाकली, आन आपल्याला बोलावलं. मी त्या चटईवर बसले व्हते. जिमीन वली व्हती सारवणाची. पाऊस पडला तवा प्रभू माझ्यासंगं व्हता हे मला पयल्यापून ठावं व्हतं. पाऊस उलटला तरी तो घर सोडून जात न्हाई, हे मला हिच्या घरी कळलं. यवढीच माझी साक्ष."

आणि त्या बसल्या. मैनाबाईंचा चेहरा लाल झाला होता.

"आजी काय पन सांगते," त्या खालच्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा बोलल्या. "चटई मी नाय टाकली. यानं टाकली," आणि त्यांनी दाराकडे बोट केलं.

सगळ्यांनी वळून बघितलं. सुका गडबडला. "मला नका घेऊ त्यात," तो म्हणाला. "बायकोनं सांगितला टाक, मी टाकली." आणि कोंबडा पकडायच्या निमित्तानं तो उठून चक्क हॉलच्या आत आला.

घरी गेल्यावर मी आत्याबाईंना विचारलं, "मग तुमचा तो पाऊस? तो देवाचाच होता ना?"

त्या पाय चेपत बसल्या होत्या. "व्हता की," त्या म्हणाल्या. "माझ्यापुरता व्हता. पन तो दुसऱ्याच्या शेताच्या बांधावर उभं राहून मिरवायचा न्हाई." त्यांचा आवाज मोकळा होता. त्या रात्री त्या लवकर झोपल्या.

पुढच्या आठवड्यात आम्ही पामला गेलो तेव्हा मैनाबाई राबासाठी पाला गोळा करत होत्या. पावसाळ्याआधी जिथे भाताची रोपं करायची त्या तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून तो भाजतात, मग त्या राखेत भात पेरतात. एवढं नुकसान होऊनही पुढच्या भाताची तयारी फेब्रुवारीतच सुरू झाली होती, आणि त्याबद्दल मैनाबाईंना काही विशेष वाटत नव्हतं. सागाच्या पानांचा ढीग एका बाजूला करून आम्ही तिघी सावलीत वालाच्या वाळलेल्या शेंगा सोलायला बसलो.

थोड्या वेळानं मैनाबाई म्हणाल्या, "आजी, ती तुमची जात्याची गोष्ट सांगा."

आत्याबाईंचा हात थांबला. "ऐकलीस की."

"हॉलात ऐकली. तवा तुमी मला ठाऊक नवत्या."

आत्याबाईंनी सुरुवात केली. पदर नीट केला नाही, धरायला खुर्ची नव्हती. शेंगा सोलत, मध्येच किडका दाणा बाजूला टाकत सांगत गेल्या. आणि मैनाबाईंनी त्यांना एकदाही सलग बोलू दिलं नाही. कणगी केवढी होती? सासूनं मारलं नाय का, हात थांबला तवा? जात्यात घातलेल्या दान्यांचं काय झालं?

"ते दळलेच," आत्याबाई म्हणाल्या. मी हे कधी ऐकलं नव्हतं. "मूठभर. त्याची आंबील करून लेकरांला पाजली."

"न पाऊस किती पडला?"

"एक रात."

"परत आला?"

"न्हाई. येकदाच."

"मग ज्वारी?"

"आली. हातभर कणसं न्हाई आली. पन आली. वलीवर, थंडी पिऊन."

मैनाबाईंनी समोरच्या शेताकडे बघितलं. वालाचे वेल आता पिवळे पडत आले होते. त्यांनी मांडीवरची टरफलं झटकली आणि थोडा विचार करून म्हणाल्या, "बरा पडला मग."

"व्हय," आत्याबाई म्हणाल्या. "तिथं बरा पडला."